टायमिंग चेनचं काम नाशिकमधे नीट कुठं होतं? अंबड लिंक रोडच्या गॅरेजचा माझा अनुभव

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज सुट्टी आहे तर सगळं सविस्तर लिहितो. ज्यांच्या गाडीला टायमिंग चेन (पिस्टनने फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारे कॅम यांना जोडून वेळेत फिरवणारी इंजिनातली साखळी) आहे आणि सकाळी स्टार्ट करताना पुढून खडखड येते त्यांनी जरूर वाचा, माझे दोन महिने आणि बरेच पैसे गेलेत यात.

आधी गाडीचं सांगतो. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, चार सिलिंडर, दोन कॅम, इनटेकच्या (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या) कॅमला व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ गरजेप्रमाणे मागेपुढे करणारी यंत्रणा. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण यात कंपनीची काही चूक नाही. २०२१ ला सेकंडहँड घेतली, आता ९२ हजार किलोमीटर झालेत. मी पाथर्डी फाट्याला राहतो आणि रोज सिन्नरला मुसळगाव एमआयडीसीत जातो, म्हणजे गाडी रोज हायवेला पळते. आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं नव्हतं हे मला नंतर कळलं, टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण उघडल्यावर आत काळी साय जमलेली दिसली तेव्हा.

डिसेंबरच्या थंडीत सुरू झालं. सकाळी सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आणि मग बंद. मला वाटलं थंडीमुळे असेल. जानेवारीत चेक इंजिनचा दिवा लागला. मग घराजवळच्या एका गॅरेजला दाखवली (नाव घेत नाही), त्यांनी सांगितलं चेन सैल झालीय, बदलावी लागेल. बदलली. नऊ हजार घेतले. आवाज खरंच कमी झाला म्हणून मी खुश, पण गाडीत जीवच राहिला नव्हता. सिग्नलला उभी असली की थरथरायची, एसी लावला की बंद पडते की काय असं व्हायचं, अ‍ॅव्हरेज १९ वरून १३ वर आलं. एकदा मुंबईहून येताना आई गाडीत होती आणि कसारा घाट चढताना सेकंड गिअरमधे पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी कशीबशी रांगत होती, मागून ट्रक हॉर्न मारतायत, आई देवाचं नाव घेतेय. त्या दिवशी मी खरंच घाबरलो.

परत त्याच गॅरेजला गेलो तर म्हणे प्लग बदला. बदलले. मग कॉइल. मग थ्रॉटल बॉडी क्लीन करा, इंजेक्टर क्लीन करा, मग कॅम सेन्सर. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटायचं म्हणजे मनाची समजूत, आणि परत तेच. यात अजून सात हजार गेले. चेन बदलताना टायमिंग चुकलं असेल का असं मी एकदा विचारलं तर ते म्हणाले, आम्ही खुणा करून बसवलीय, चुकायचा प्रश्नच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे यावरच सगळं आहे.

आमच्या कंपनीत मेंटेनन्सला एक जण आहेत त्यांनी या गॅरेजचा पत्ता दिला. अंबड लिंक रोडवरून आत गल्लीत, दोन लेथच्या वर्कशॉपच्या मधे पत्र्याची शेड, पुढे कडुलिंब. पाटी नाही, मॅपवर पण नाहीये. मिस्त्री साधारण पन्नाशीचे, सातपूरच्या आयटीआयमधे शिकलेले, वडील मायकोत (आताची बॉश कंपनी) नोकरीला होते. मी विचारलं नाव टाकू का तर म्हणाले नका टाकू दादा, हातात आहेत तेवढ्याच गाड्या नीट करतो. म्हणून नाव नाही टाकत, पण खाली खुणा सांगतो, शोधलं तर सापडेल.

पहिली गोष्ट मला आवडली ती ही की त्यांनी गाडी उघडायची घाई केली नाही. आधी मला सगळं विचारलं, कधीपासून, थंड असताना का गरम असताना, चेन बदलायच्या आधी कसं होतं, नंतर काय बदललं. मग स्कॅनर लावला. पी००१६ हा कोड आला. म्हणाले याचा अर्थ क्रँक आणि कॅम एकमेकांशी जुळत नाहीयेत असं गाडीचा कॉम्प्युटर सांगतोय, सेन्सर खराब आहे असं तो म्हणत नाहीये. लोक हा कोड बघून सेन्सर बदलतात. मी बदललाच होता.

मग कॉम्प्रेशन काढलं, म्हणजे सिलिंडरमधे हवा किती दाबली जाते ते मोजलं. चारही सिलिंडर १२५ ते १३० पीएसआय. आता मला यातलं काय कळणार, तर त्यांनी समजावलं की एकाच सिलिंडरचं कमी आलं असतं तर व्हॉल्व्ह किंवा रिंगचा संशय घेतला असता, पण चारही सारखेच पडलेत म्हणजे चारही सिलिंडरना एकच आजार आहे, आणि चौघांना एकदम धरणारी वस्तू म्हणजे टायमिंग. इनटेकचा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतोय, पिस्टन वर यायला लागला तरी तो उघडाच, म्हणून आत घेतलेली हवा परत बाहेर ढकलली जातेय, दाबायला हवाच कमी उरतेय. इतकं सोपं करून आजपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर फक्त टॅपेट कव्हर उघडलं. क्रँकच्या पुलीवर पाना लावून इंजिन हाताने फिरवत पुलीची खूण शून्यावर आणली, म्हणजे एक नंबरचा पिस्टन अगदी वर, त्या जागेला टीडीसी म्हणतात. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, त्यामुळे पिस्टन वर येतो ते दोन वेळा, आणि त्यातली बरोबर वेळ कुठली ते कॅमच्या लोबवरून (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या उंचवट्यावरून) ओळखायचं, एक नंबरचे लोब व्हॉल्व्ह दाबत नसले पाहिजेत. आणि मग मला टॉर्च धरायला सांगून सहा इंची स्टीलची पट्टी दोन्ही कॅमच्या गियरवर धरली. दोन्ही खुणा एकेक दात मागे होत्या. स्वच्छ दिसत होतं, कुठल्याही शाळेतल्या पोराला दिसलं असतं.

आणि त्या गियरवर अजून एक गोष्ट होती, व्हाइटनरचे पांढरे ठिपके. मिस्त्रींनी नखाने एक ठिपका खरवडला, बघितला आणि म्हणाले, दादा, ही त्यांनी केलेली खूण, आणि चूक इथंच झालीय.

झालं असं होतं. जुनी चेन काढायच्या आधी त्या गॅरेजवाल्याने चेन, गियर सगळ्यावर व्हाइटनरने खुणा केल्या आणि नवी चेन बरोबर त्याच खुणांवर बसवली. म्हणजे त्याने काम मन लावूनच केलं होतं, पण जुनी चेन सैल होऊन एक दात आधीच सुटलेली होती! त्या चुकलेल्या जागेची त्याने इमानदारीत नक्कल केली. नवी चेन, आणि टायमिंग जुनंच चुकलेलं. कंपनीने गियरवर आणि हेडवर ज्या खुणा कोरून दिल्यात त्या त्याने बघितल्याच नाहीत. मिस्त्री म्हणाले गाडी चालत आली असली तरी आतलं टायमिंग बरोबर आहे असं कधी धरून चालायचं नाही, आपली खूण ही फक्त आधी काय होतं ते सांगते, काय पाहिजे ते कंपनीची खूण सांगते.

एक दात म्हणजे काय एवढं असं मला वाटलं होतं. त्यांनी हिशेब सांगितला. कॅमच्या गियरला समजा ३६ दाते आहेत, तर एक दात म्हणजे कॅमचे १० अंश, आणि कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो म्हणून क्रँकचे २० अंश. वीस अंश उशिरा व्हॉल्व्ह उघडतोय आणि बंद होतोय तर गाडी घाट कशी चढणार. व्हीव्हीटी थोडंफार सावरून घ्यायचा प्रयत्न करतं पण त्याची पण मर्यादा आहे, आणि एक्झॉस्टच्या (जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) कॅमला तर ते नाहीच. अजून दोन-तीन दात सुटले असते तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकला असता, मग हेड उतरवणं, व्हॉल्व्ह बदलणं, पन्नास हजाराच्या गोष्टी.

आता चेन मुळात सैल का होते. मला वाटायचं लोखंड ताणलं जातं. तसं नाहीये. चेनच्या प्रत्येक सांध्यात पिन असते ती घासते. समजा दीडशे सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्यात पाच शतांश मिलीमीटर घासलं तर एकूण साडेसात मिलीमीटर लांबी वाढली. माझी जुनी चेन डिकीत पिशवीत पडलेली होती, मिस्त्रींनी ती आणि आता काढलेली दोन महिन्याची चेन एकाच खिळ्याला शेजारी शेजारी अडकवली. दुहेरी लोंबत होती म्हणून फरक निम्मा दिसतो, तरी जुनी चेन तीन-चार मिलीमीटर खाली आलेली. खराब, घट्ट झालेल्या ऑइलने हे घासणं वाढतं. आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, रात्रभरात त्यातलं ऑइल उतरतं, सकाळी प्रेशर यायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात सैल चेन कव्हरला नि गाईडला (चेन ज्यावरून घसरते त्या प्लॅस्टिकच्या पट्टीला) आपटते. तोच तो खिळ्यांचा आवाज.

इथं मला अजून एक गोष्ट पटली. त्यांना सहज म्हणता आलं असतं की पूर्ण किट टाका. पण दोन महिन्याची चेन चांगली आहे, मापात आहे, ती परत कशाला घेताय म्हणाले, तीच ठेवली. बदललं काय तर टेन्शनर, दोन्ही गाईड आणि क्रँकचा छोटा गियर, कारण आधीच्यांनी फक्त चेन बदललेली आणि या तीन गोष्टी जुन्याच ठेवलेल्या. क्रँकच्या गियरचे दाते बोटाने चाचपून बघायला लावले मला, एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले. गाईडच्या प्लॅस्टिकवर चेनने दोन नाल्या पाडलेल्या आणि टोकाचा तुकडा गायब. तो तुकडा शोधायला इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं, ऑइलच्या जाळीत सापडला. मी नसतं सांगितलं हो चेंबर उतरवायला, मला माहीतच नव्हतं. पण जाळी चोंदली असती तर प्रेशर कमी, प्रेशर कमी तर नवा टेन्शनर पण ढिला, परत तेच सगळं.

चेन बसवायचं काम मी शेजारी स्टूलवर बसून पूर्ण बघितलं, त्यांनी हाकललं नाही. भिंतीवर त्या इंजिनाच्या मॅन्युअलचं पान लॅमिनेट करून लावलेलं, तेलकट बोटांचे ठसे पडलेलं. पंचवीस वर्ष काम करणारा माणूस प्रत्येक वेळी ते पान बघतो, कारण प्रत्येक इंजिनाच्या खुणा वेगळ्या असतात. जुन्या पद्मिनी गाडीला पण चेनच होती म्हणाले, पण कॅम खाली ब्लॉकमधे, चेन वीतभर, ती बसवायला काही लागत नव्हतं, आता दोन कॅम वर आणि चेन एवढी लांब, आठवणीवर काम करायचं नाही.

आधी क्रँक टीडीसीवरून थोडा मागे घेतला म्हणजे चारही पिस्टन मधे कुठेतरी, आणि मग कॅम फिरवले, कारण पिस्टन वर असताना चेन नसलेला कॅम फिरवला तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागून वाकू शकतात. कॅमला मधे षटकोनी जागा असते तिथे पाना लावून फिरवला, गियरला धरून नाही. व्हीव्हीटीचा गियर हाताने मागे फिरवला, आत टक करून लॉक झाला, तो आवाज मला ऐकवला. ते लॉक झालेलं नसेल तर खूण जुळलेली दिसते पण टायमिंग चुकलेलं असतं. मग क्रँक परत खुणेवर. नव्या चेनमधे तीन कड्या वेगळ्या रंगाच्या असतात, दोन सारख्या, एक निराळी. दोन सारख्या कड्या दोन कॅमच्या खुणांवर आणि निराळी क्रँकच्या खुणेवर. टेन्शनर पिन घालून दाबलेला ठेवायचा, बसवायचा, मग पिन ओढायची.

पिन ओढली, टेन्शनर फटकन बाहेर आला. सगळं जुळलेलं दिसत होतं. मी म्हटलं झालं. ते म्हणाले, आता तर खरं काम.

पुलीच्या बोल्टला लांब दांडीचा पाना लावून इंजिन फिरायच्या दिशेने हळूहळू पूर्ण दोन चक्कर हाताने फिरवलं. अजिबात सेल्फ नाही. कुठं अडकतंय का ते हाताला कळतं, सेल्फला कळत नाही, तो वाकवून मोकळा होतो. दोन चक्करनंतर पुली परत शून्यावर आणली, पट्टी धरली, आणि एक्झॉस्टची खूण एक दात मागे! इनटेक बरोबर, एक्झॉस्ट चुकलेला. दोन कॅमच्या मधे, वरच्या बाजूला, चेनमधे थोडी ढील राहिली होती, पिन ओढल्यावर टेन्शनरने ती ओढून घेतली आणि दात बदलला. ढील सगळी टेन्शनरच्या बाजूलाच पाहिजे, गाईडच्या बाजूला आणि वर चेन ताठ.

संध्याकाळचे साडेसात वाजले होते. त्यांच्या मदतीला असणारं पोरगं हात धुवून उभं. मिस्त्रींनी काहीही न बोलता टेन्शनर काढला, चेन उतरवली, फडकं टाकून ठेवलं आणि म्हणाले दादा, आता डोळे थकलेत, उद्या सकाळी उजेडात करतो, तुम्ही आज रिक्षाने जा. हे मला फार भावलं. तिथंच कव्हर लावून दिलं असतं तर मला कधी कळलं नसतं, त्यांना पैसे तेवढेच मिळाले असते.

दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. यावेळी गाईडच्या बाजूने चेन ताठ ओढत आणली, पोराला एक्झॉस्टच्या कॅमवर पाना धरून ठेवायला लावला. पिन ओढली, दोन चक्कर, पट्टी, तिन्ही खुणा जागेवर. परत दोन चक्कर, परत बघितलं. मला पण बघायला लावलं, मोबाइलमधे फोटो काढायला लावला, म्हणाले गाडीच्या कागदांसोबत ठेवा. एक गोष्ट मला खटकली की रंगीत कड्या आता खुणांपासून लांब गेल्या होत्या. मी घाबरून विचारलं. तर त्या फक्त बसवताना जुळतात, नंतर चेन फिरत राहते आणि कड्या परत त्याच जागी यायला खूप चक्कर लागतात, कारण कड्यांचा आणि दातांचा आकडा असा एकमेकांत बसत नाही. फिरवल्यानंतर बघायच्या त्या फक्त गियरवरच्या आणि क्रँकच्या खुणा. हे माहीत नसलेले लोक बसवलेली चांगली चेन परत उतरवतात म्हणे.

पुढचं पटापट झालं. समोरचं ऑइल सील नवीन, टायमिंग कव्हर पूर्ण साफ करून अ‍ॅनाबाँड (ऑइल गळू नये म्हणून लावायची पेस्ट), पुलीचा बोल्ट टॉर्क पान्याने. अ‍ॅनाबाँड वाळायला रात्रभर ठेवलं, घाई केली नाही. तिसऱ्या दिवशी नवीन ऑइल, फिल्टर, आणि स्टार्ट करायच्या आधी प्लग काढून नुसता सेल्फ मारून ऑइल वर चढवलं. मग स्टार्ट. आवाज शून्य. स्कॅनरवर कोड साफ केला, चाळीस किलोमीटर फिरवून या म्हणाले, मी त्र्यंबकला जाऊन आलो, कोड परत नाही. कॉम्प्रेशन १७५ च्या आसपास, चारही.

खर्च: टेन्शनर, गाईड, गियर, सील, पॅकिंग, ऑइल-फिल्टर मिळून ६,२०० आणि मजुरी ५,०००. पार्टची बिलं हातात दिली, जुने पार्ट पिशवीत भरून दिले. मजुरी ऐकून आधी जास्त वाटली, पण दीड दिवस तो माणूस त्या इंजिनावर वाकलेला मी डोळ्याने बघितलाय, मला तरी पूर्ण वसूल वाटली.

आता जे नाही आवडलं ते पण सांगतो. वेळ खूप लागतो. मला तीन दिवस लागले, आणि त्याआधी नंबर लागायला आठ दिवस. फोन उचलत नाहीत, हात तेलात असतात, जाऊनच भेटावं लागतं. बसायला एक स्टूल, पाण्याची बाटली आपली न्या. गाडी घ्यायला-सोडायला कोणी येत नाही. मजुरीचं बिल हाताने लिहिलेलं, कंपनीत लावायचं असेल तर अडचण होईल. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. लेडीज एकट्या जाणार असतील तर गल्ली संध्याकाळी अंधारी आहे, दिवसा जा. आणि छोटी कामं, डेंटिंग, एसी वगैरे ते घेत नाहीत, फक्त इंजिन.

आज पाच महिने झालेत, सात हजार किलोमीटर. अ‍ॅव्हरेज परत साडेअठरा-एकोणीस. मागच्या महिन्यात आईला घेऊन परत मुंबईला गेलो होतो, येताना कसारा घाट थर्डमधे एसी लावून चढला, आई पूर्ण घाट झोपलेली होती. ऑइल मी आता साडेसात हजार किलोमीटरला बदलतो, ५डब्ल्यू-३०, आणि दर रविवारी डिपस्टिक काढून लेव्हल बघतो.

तुम्ही नाशिकमधे कुठंही करा, यांच्याकडेच जा असं नाही, पण चेनचं काम करणाऱ्याला आधी एवढंच विचारा की चेन बसवल्यावर हाताने दोन चक्कर फिरवून खुणा मला दाखवणार का. जो हो म्हणेल त्याच्याकडे गाडी सोडा. टेन्शनर आणि गाईड जुने ठेवू देऊ नका, चेनपेक्षा तेच आधी जातात.

पत्त्याच्या खुणा: अंबड लिंक रोडवरून आतली गल्ली, दोन लेथ वर्कशॉपच्या मधली निळी शेड, पुढे कडुलिंब आणि त्याखाली बहुतेक वेळा एखादी बॉनेट उघडी गाडी. सकाळी साडेनऊ ते साडेसात. रविवारी अर्धा दिवस, अमावस्येला पूर्ण बंद. गाडी गरम इंजिनाने नेऊन लगेच दाखवू नका, सकाळचा थंड स्टार्ट त्यांना स्वतः ऐकायचा असतो, म्हणून आदल्या संध्याकाळी नेऊन सोडा आणि चावी पोराकडे न देता मिस्त्रींच्याच हातात द्या.